माझ्या नडगीत भरलेलं पीओपी

मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला माणूस. वडिलांच्या वेळेला शाडू होता, माझ्या हातात पीओपी आलं. म्हणजे गेली वीस-बावीस वर्षं घमेल्यात पीओपी कालवायचं, रबरी साच्यात ओतायचं, काथ्या चिकटवायचा, बसलं की साचा सोलायचा, हेच. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले की तुमच्या हाडात इन्फेक्शन आहे, ते कोरून जो खड्डा होईल त्यात आपण कॅल्शियम सल्फेटचे मणी भरणार आहोत, आणि मी विचारलं म्हणजे काय हो, आणि ते म्हणाले सोप्या भाषेत सांगायचं तर प्लास्टर ऑफ पॅरिस, तेव्हा मला वाटलं केसपेपरवर माझा धंदा वाचून हा माणूस चेष्टा करतोय.

पण आधी पाय कसा गेला ते सांगतो. जुलै २०२१, वडखळच्या अलीकडे, मुंबई-गोवा हायवे. त्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही, कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. खड्ड्यात पाणी भरलेलं, बाईक गेली त्यात, मी पडलो आणि मागून टेम्पो. डावी नडगी मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि त्या उघड्या जखमेत रस्त्यावरचा चिखल गेला. एका दवाखान्यात नेलं, तिथे धुतलं, प्लेट टाकली, टाके घातले. उघड्या फ्रॅक्चरमधे नीट धुणं आणि मेलेलं सगळं काढून टाकणं हेच मुख्य काम असतं, प्लेट ही नंतरची गोष्ट, हे मला साडेतीन वर्षांनी कळलं. तेव्हा आम्ही प्लेट कुठल्या कंपनीची आहे ते विचारत होतो.

दोन महिन्यात टाक्यांच्या खालच्या टोकाला लाल झालं, मग फुटलं, मग पाणी यायला लागलं. गोळ्या घेतल्या की सुकायचं, बंद केल्या की परत. चौदा महिन्यांनी प्लेट काढली, हाड जुळलं होतं, सगळे म्हणाले सुटलास. पण भोक राहिलंच. साधारण मसुरीच्या दाण्याएवढं, नडगीच्या मधोमध, त्यातून दिवसाला एक-दोन ड्रेसिंग भिजतील एवढा पू. कधीकधी बंद व्हायचं, आम्ही खुश, बायको नारळ फोडून यायची, आणि पंधरा दिवसात ताप, ठणका, रात्री पाय उशीवर घेऊन बसायचं आणि मग ते फुटलं की एकदम बरं वाटायचं. घाण वाटेल वाचायला, पण फुटल्यावर जे सुख वाटतं ना ते ज्याला झालंय त्यालाच कळेल.

वास हा खरा त्रास. एसटीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसतो तेव्हा आपल्याला कारण माहीत असतं. कोणाच्या पूजेला गेलो की मी दाराजवळ बसायचो. आईने हळद भरून पाहिली, मेव्हण्याने कुठून तरी तेल आणलं, प्रत्येकाचा पहिला प्रश्न "साखर आहे का?" नाही हो, साखर नाही. मधे एका ठिकाणी अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू केली, दहा दिवसांनी क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, वाढलं म्हणून बंद केली. म्हणजे हाडातले जंतू मजेत आणि किडनी आजारी.

२०२४ च्या गणपतीनंतर, विसर्जन झालं, कारखाना झाडून घेतला, आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. आमच्याकडे सीझन संपल्याशिवाय कोणी आजारी पडत नाही.

तिथल्या सरांनी जुने एक्सरे उजेडाला लावले आणि बोट ठेवून दाखवलं. नडगीच्या हाडात एक पोकळी, आणि पोकळीत एक तुकडा, बाजूच्या हाडापेक्षा जास्त पांढरा. तो मेलेला. त्याला रक्तच जात नाही म्हणून त्यातलं कॅल्शियम शरीराला काढून घेता येत नाही, म्हणून तो पांढराफेक दिसतो. आणि रक्त जात नाही म्हणजे औषध पण जात नाही, कारण गोळी घ्या नाहीतर सलाईन लावा, औषध रक्तातूनच जाणार ना. वर त्या तुकड्यावर जंतू एकेकटे बसत नाहीत, स्वतःभोवती चिकट थर करून बसतात, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर येतो तसा. टाकीत नुसतं औषध टाकून तो जात नाही, उतरून घासावं लागतं. तीन वर्षं मी टाकीत औषध टाकत होतो.

मग तपासण्या. सीटी, एमआरआय, आतली सूज दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या, साखर. भोकाच्या कडेचा तुकडा काढून कॅन्सरसाठी पाठवला, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत क्वचित होतो म्हणे, ते चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. रिपोर्ट चांगला आला. मी माझ्याकडचे पुवाचे जुने कल्चर रिपोर्ट, म्हणजे त्यात कुठले जंतू आहेत ते सांगणारे, मोठ्या फाईलीत लावून नेले होते, सरांनी ते फारसे बघितले पण नाहीत. म्हणाले भोकाच्या तोंडाशी जे जंतू सापडतात तेच आत हाडात असतील असं नाही, कातडीवरचे पण त्यात येतात, खरं कल्चर हाडाच्या तुकड्याचं. आणि त्यासाठी ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे सगळी अँटिबायोटिक्स बंद. हे ऐकून मी घाबरलो, कारण तीन वर्षं मला सांगितलं होतं की गोळ्या चुकवू नका.

दुसरी अट तंबाखूची. डॉक्टर लोक हाड किती बिघडलंय ते तर मांडतातच, पण माणूस कसा आहे ते पण ए, बी, सी असं मांडतात. ए म्हणजे धडधाकट. सी म्हणजे ज्याला आजारापेक्षा उपचारच जड जाईल असा. मी तंबाखूमुळे बी. सर म्हणाले निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मी आत कितीही साफ केलं तरी तिथे रक्त कोण आणणार? सोडली. सोपं नव्हतं, त्या महिन्यात घरात किती भांडी आपटली ते बायकोला विचारा.

वॉर्डात शेजारी सोलापूरकडचे एक काका होते, मांडीत तोच आजार. त्यांच्या पायात आधी सिमेंटचे मणी घातले होते, तारेत ओवलेली माळ, अँटिबायोटिक मिसळलेली. ते सिमेंट म्हणजे घराचं नाही, खुबा बदलताना वापरतात ते ॲक्रिलिक. त्यात जेंटामायसिन मिसळायची कल्पना हँबुर्गच्या बुखहोल्ट्झ या डॉक्टरांची, १९७० च्या सुमाराची, मग जर्मनीतच क्लेम यांनी त्याचे मणी केले. काम करतं, पण विरघळत नाही. औषध वरवरचं निघून जातं आणि माळ तशीच राहते, म्हणून ती काढायला परत ऑपरेशन, आणि नाही काढली तर जंतूंना बसायला अजून एक जागा. काका ती माळ काढायलाच आले होते. मी विचारलं माझी कधी काढणार, तर रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, काका तुमची काढायची नाही, ती आपोआप जाईल. (मी एक्केचाळीसचा. तो असेल सत्तावीसचा. काका!)

हा पोरगा मला आवडला. मी मूर्तिकार आहे कळल्यावर रोज संध्याकाळी राऊंड झाला की पाच मिनिटं माझ्याकडे थांबायचा. त्यानेच सांगितलं की हे नवीन नाही, १८९२ मधे द्रेसमान नावाच्या जर्मन डॉक्टरने हाडातल्या पोकळ्या पीओपीने भरल्या होत्या, त्यात कार्बोलिक ॲसिड मिसळून. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हतीच. मी म्हटलं म्हणजे आपल्याकडे टिळकांनी सार्वजनिक गणपती सुरू करायच्या पण आधी! आणि रसायन तेच. जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पीओपी होतं, त्यात परत पाणी घातलं की ते परत जिप्सम होऊन बसतं आणि बसताना गरम होतं. हे मला त्याने सांगायची गरज नव्हती, आमचा हात रोज त्या साच्यावर असतो, गरम झालं की समजायचं माल धरला. फक्त आमचं येतं राजस्थानातल्या खाणीतून, पन्नास किलोच्या गोणीत, आणि यांचं शुद्ध केलेलं, निर्जंतुक, एवढ्याशा पाकिटात. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, ते पाकीट बाहेरून घ्यावं लागलं. माझ्या दोन कारागिरांच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. आमच्या गोणीचा भाव त्या पोराला सांगितला तर तो हसत सुटला.

ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखाली बधिर, वर मी जागा. समोर हिरवा पडदा, पण कान उघडे. हे कोणी आधी सांगत नाही, हाडावर छिन्नी-हातोडी चालते आणि तो आवाज ओळखीचा असतो. सुतारकाम आणि आपणच लाकूड. आधी नमुने घेतले, पाच, वेगवेगळ्या जागचे, प्रत्येकाला वेगळं हत्यार आणि वेगळी डबी. ते पाचही निघेपर्यंत भूलवाल्या मॅडमना अँटिबायोटिक सोडू दिलं नाही. मग तो पांढरा तुकडा निघाला. नंतर मला दाखवला, बोटाच्या पेराएवढा, खडबडीत, समुद्रावर वाळूत सापडतो तसल्या पोवळ्यासारखा. हा साडेतीन वर्षं मला नाचवत होता.

त्यानंतर बराच वेळ नुसतं कोरणं चाललं. सर मधेमधे म्हणायचे, अजून नाही, अजून नाही. मी न राहवून विचारलं काय बघताय? तर पडद्यामागून म्हणाले, हाडातून बारीक ठिपके ठिपके रक्त यायला पाहिजे, मिरचीपूड शिंपडल्यासारखं, तिथे जिवंत हाड सुरू होतं, तिथपर्यंत कोरायचं. मग धुणं, पिशव्याच्या पिशव्या सलाईन, खालच्या बादलीत पडलेल्या पाण्याचा आवाज.

आणि मग तो आवाज आला. वाटीत पातं फिरवल्याचा. मी तो झोपेत पण ओळखेन. पावडर, त्यात व्हँकोमायसिनची भुकटी, मग जेंटामायसिनचं पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं, "किती मिनिटात बसतं?" सगळे हसले. सर म्हणाले बघा, कारागीर जागा आहे. पण उत्तर दिलं, की नुसतं असेल तर लवकर, औषध पडलं की वेळ बदलतो, म्हणून घाई करायची नाही. आमच्यात पण तसंच, पाण्यात काही मिसळलं की बसायची वेळ बिघडते. पातळ लगदा त्यांनी एका मऊ रबरी चटईवर पसरला, चटईला खळगे, म्हणजे साचाच की हो! बसल्यावर चटई वाकवली आणि मणी टपटप ट्रेमधे पडले. रेसिडेंटने ट्रे पडद्याच्या बाजूला, लांबूनच, माझ्या नजरेला येईल एवढा धरला. काही मुगाएवढे, काही वाटाण्याएवढे, पांढरेशुभ्र, फिनिशिंगची गरज नाही इतके गुळगुळीत. मला त्या अवस्थेत पहिला विचार आला तो हाच, की एवढी चटई आपल्याला मिळाली तर गणपतीच्या हातातले मोदक किती पटापट निघतील.

आता यात गंमत काय आहे, तर मी ज्या औषधाने किडनी बिघडेल म्हणून घाबरत होतो त्याच जातीचं औषध, जेंटामायसिन, तिथे आत भरलं. पण रक्तातून दिलं तर सगळ्या शरीरात सारखं पसरतं आणि हाडात थोडंच पोचतं, आणि मण्यातून दिलं तर त्या खड्ड्यात भरपूर, रक्तातून जेवढं नेता येईल त्याच्या कितीतरी पट, आणि रक्तात अगदी कमी. आणि खड्डा रिकामा राहत नाही, नाहीतर रिकाम्या जागेत रक्त साचतं आणि परत जंतूंची सोय होते. तरी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम पहिल्या आठवड्यात दोनदा बघितलं, कारण हे विरघळताना रक्तातलं कॅल्शियम कधीकधी वाढतं. माझं नाही वाढलं.

कल्चर आलं, पाचातल्या चारमधे स्टॅफ नावाचे जंतू, त्यातले पण एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारे. जुन्या फाईलीत वेगळंच काहीतरी होतं. मला वाटलं आता सहा आठवडे सलाईन, हातात सुई, कारखाना बंद. पण गोळ्याच दिल्या. रेसिडेंट म्हणाला पूर्वी सलाईनच द्यायचे, पण २०१९ मधे ब्रिटनच्या डॉक्टरांनी १०५४ पेशंटवर केलेला अभ्यास आला, हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनमधे पहिले सहा आठवडे नीट निवडलेल्या गोळ्या सलाईनपेक्षा कमी पडत नाहीत असं त्यात दिसलं. दोन गोळ्यांपैकी एक रिफाम्पिसिन. तिने लघवी केशरी होते हे सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी ओरडलोच. शेंदूर कालवल्यासारखी.

अकराव्या दिवशी घरी असताना ड्रेसिंग पांढरं ओलं झालं. दुधासारखं पाणी. बायकोने बघितलं आणि न बोलता खाली बसली. आम्हाला वाटलं गेलं सगळं, परत तेच. रात्री फोटो पाठवला, उत्तर आलं, वास आहे का? ताप आहे का? नाही. मग हे मणी विरघळल्याचं पाणी आहे, उद्या दाखवा. दुसऱ्या दिवशी सीआरपी केलं, उतरलेलं होतं. तो पाझर पावणेतीन आठवडे चालला आणि आपोआप थांबला. तुम्हाला कोणाला हे मणी घालणार असतील तर हे आधीच विचारून ठेवा, आम्हाला कोणी सांगितलं असतं तर एक रात्र तरी झोप लागली असती. अर्थात पाणी पिवळं झालं, वास आला, ताप आला तर हे उत्तर चालणार नाही, तेव्हा पळायचं.

एक्सरे मी अजून ठेवलेत. दुसऱ्या दिवशीचा, नडगीत डाळिंब फोडल्यासारखे दाणे. सहा आठवड्यांचा, दाणे पुसट, काही नुसती कडा राहिलेले. तीन महिन्यांचा, काहीच नाही, काळा खड्डा. मी म्हटलं सर, माल विरघळला पण हाड कुठाय? तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की याचा वेग हाडापेक्षा जास्त आहे, हे आधी जातं, हाड मागून सावकाश येतं, आणि प्रत्येकात पूर्ण भरतंच असं नाही. म्हणून याच्यात हायड्रॉक्सिॲपेटाइट मिसळलेला पण प्रकार निघालाय, हाडात मुळात जे खनिज असतं तेच, ते लवकर जात नाही, कॅल्शियम सल्फेट औषध सोडत विरघळतं आणि ते मागे परांचीसारखं उभं राहतं, त्यावर हाड चढतं. स्वीडनच्या कंपनीचं आहे, ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २०१६ मधे पहिले १०० पेशंट मांडले, त्यातल्या ४ जणांना इन्फेक्शन परत आलं. माझा खड्डा लहान आणि बाजूची भिंत शाबूत, म्हणून माझं साध्यावर भागलं. मी विचारलं मग हे मणी म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं ना? सर म्हणाले, अजिबात नाही, महत्त्वाचं ते कोरणं, मण्यांच्या भरवशावर कोरण्यात कसूर केली तर दुसरं पाकीट पण कमी पडेल. हे मला एकदम पटलं. खालची माती कच्ची असेल तर वर कितीही रंग मारा.

तीन महिने वॉकर, पायावर अर्धाच भार, कारण कोरलेलं हाड मोडू शकतं. पाटावर बसून आखणी करायची सवय, ती गेली, आता स्टूल आणि उंच टेबल. २०२५ चा सीझन तसाच गेला, वर आमचा सगळा धंदाच टांगणीला होता. केंद्राच्या प्रदूषण मंडळाने २०२० मधे पीओपीच्या मूर्तींना नाही म्हटलं तेव्हापासून दरवर्षी धाकधूक, आणि त्या जूनमधे हायकोर्टाने बनवायला परवानगी दिली पण नदी-समुद्रात विसर्जन नको म्हणून सांगितलं. कारखान्यातली पोरं म्हणायची, दादा तुमच्या पायातलं पीओपी तीन महिन्यात विरघळलं, मग आपले गणपती का नाही विरघळत? चेष्टेत विचारलं, पण मी त्या रेसिडेंटला फोन करून विचारलंच. तो म्हणाला एक लिटर पाण्यात साधारण दोनच ग्रॅम विरघळतं हो काका. पायात एवढेसे मणी आणि चोवीस तास रक्त वाहतंय, पेशी काम करतायत. तुमची मूर्ती जाड, वर रंग, आणि तळ्यातलं पाणी जागच्या जागी. पोरांना हे सांगितलं तर एकजण म्हणाला, म्हणजे दादांचं विसर्जन वाहत्या पाण्यात झालं!

नऊ महिन्यांच्या एक्सरेत खड्ड्याच्या कडेने हाड आत आलेलं दिसलं, मधे अजून थोडी पोकळी आहे. भोक बंद आहे, कातडी आत ओढल्यासारखी, हाडाला चिकटलेली. दोन वर्षं तरी दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं असं सांगितलंय, हा आजार दबा धरून बसतो.

म्हणून मी डाव्या पायात पांढरा मोजा घालतो, लांब, गुडघ्यापर्यंतचा. रात्री काढला की बायको दिव्याखाली धरून बघते. श्रावणात एकदा त्यावर बरोबर नडगीच्या जागी पिवळा डाग निघाला, रुपयाएवढा. ती काही बोलली नाही, मी पण नाही. मी पाय बघितला, सुका. तिने मोजा नाकाला लावला, मग नखाने खरवडला. पीतांबराचा रंग होता.